थकलेल्या पित्याचे धन आणि जवळचा भाऊ : मिताक्षरेपासून जबलपूरच्या न्यायालयापर्यंत

जबलपूरच्या घमापूर, कांचघर, रांझी या पट्ट्यातील वस्ती समजून घ्यावयाची तर शहराचा इतिहास दोन टप्प्यांनी पाहावा लागतो. पहिला टप्पा मराठ्यांचा. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य संपविले, १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजी फौजेने जबलपूर घेतले. या अल्पकाळात आलेली मराठी घराणी राजसत्तेच्या आश्रयाने आली होती. त्यांची मालमत्ता म्हणजे वतन, इनाम आणि जमीन. दुसरा टप्पा आगगाडीचा आणि कारखान्यांचा. १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपुरात जोडला गेला, १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला, पुढे खमरियाचा दारूगोळा कारखाना आणि वाहन कारखाना आले. या टप्प्यात जी कुटुंबे आली, मग ती मराठी असोत, बंगाली असोत वा हिंदीभाषक, त्यांची मालमत्ता निराळ्या जातीची होती. पगारातून बांधलेले घर, भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन, पोस्टातील ठेव आणि पुष्कळदा नझूल जमिनीचा कुटुंबप्रमुखाच्या नावे असलेला पट्टा.

कुटुंबातील वृद्धाच्या धनाचा एका अपत्याने परस्पर विनियोग करणे हा प्रश्न या दोन्ही प्रकारच्या मालमत्तांबाबत उद्भवतो. परंतु तो एकाच रीतीने उद्भवत नाही. वतनाची सनद एकट्या भावाला सहज लपविता येत नसे, कारण गाव साक्षीला असे. पासबुक मात्र उशाखालच्या पेटीत राहते. हा भेद लक्षात न घेता ‘पूर्वीची कुटुंबे एकोप्याची होती, आताची स्वार्थी झाली’ असे जे सर्रास म्हटले जाते त्याला इतिहासाचा आधार मिळत नाही. धर्मशास्त्रकारांनी या विषयावर जितका शब्दच्छल केला आहे तितका तो दोष विरळा असता तर त्यांना करावा लागला नसता.

याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही टीका कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या कारकिर्दीत, अकराव्या शतकाच्या अखेरीस वा बाराव्या शतकाच्या आरंभी, सिद्ध झाली. महाराष्ट्र आणि मध्यप्रांत यांसह भारताच्या मोठ्या भागात हिंदू कुटुंबाच्या मालमत्तेचा विचार पुढे याच टीकेच्या आधारे झाला. तिचा पायाभूत सिद्धान्त असा की, वडिलोपार्जित धनात पुत्राचे स्वामित्व जन्मतःच उत्पन्न होते. बंगालात मान्य झालेल्या जीमूतवाहनाच्या दायभागाचे मत याच्या उलट, की पित्याचे स्वामित्व संपल्यावाचून पुत्राचे स्वामित्व उत्पन्नच होत नाही. हा मतभेद सर्वपरिचित आहे. परंतु त्याच्या पोटात वृद्ध पित्यासंबंधीचा एक बारीक मतभेद दडलेला आहे, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे.

पिता वृद्ध झाला, त्याची बुद्धी विपरीत झाली किंवा तो दीर्घ व्याधीने ग्रस्त झाला तर काय करावे, याविषयी शंखाचे एक वचन परंपरेने चालत आलेले आहे. विज्ञानेश्वर ते वचन उद्धृत करतो तेव्हा त्याचा अर्थ असा होतो की, अशा अवस्थेत पित्याची इच्छा नसली तरीही पुत्रांना वाटणी करून घेता येते. जीमूतवाहन तेच वचन उद्धृत करतो तेव्हा त्यात नकार येतो. पिता वृद्ध, भ्रमिष्ट वा रोगी असला तरी त्याच्या इच्छेवाचून वाटणी होत नाही. ज्येष्ठाने, किंवा ज्येष्ठाच्या संमतीने व्यवहार जाणणाऱ्या एखाद्या कनिष्ठाने, कुटुंबाचा कारभार पाहावा, असा त्याचा पाठ आहे. एका निषेधार्थक अव्ययाच्या फरकाने दोन प्रदेशांतील वृद्धांची कायदेशीर स्थिती निराळी झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण पाठाच्या मागे आधीच स्थिर झालेला सिद्धान्त उभा होता. तथापि दोन्ही टीकाकारांना सतावणारा प्रश्न एकच होता आणि तो अजून सुटलेला नाही. पित्याची शक्ती गेली की त्याचे धन सांभाळावयाचे कोणी? आणि सांभाळणारा घेणारा झाला तर?

मिताक्षरेचे उत्तर आधुनिक वाचकाला निष्ठुर वाटण्याचा संभव आहे. ज्याची बुद्धी ढळली त्याच्या हयातीतच वाटणी कशी मागावी? परंतु या उत्तराची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पिता असमर्थ झाल्यावर सर्व कारभार जर एका पुत्राच्या हाती जाणार असेल, तर इतरांना आपला वाटा आधीच वेगळा करून घेण्याची मुभा हे त्या एका पुत्रावरचे नियंत्रण ठरते. शिवाय पिता-पुत्रांत वाटणी झाली तर पित्याला स्वतःचा वाटा मिळतो, आणि ज्या पत्नीला स्त्रीधन दिलेले नाही तिलाही पुत्राबरोबरीचा वाटा द्यावा असे याज्ञवल्क्याने सांगितले आहे. म्हणजे वाटणीने वृद्ध दांपत्य निर्धन होत नसे. ते एका पुत्राच्या मर्जीतून सुटत असे. दायभागाच्या उत्तराने पित्याची प्रतिष्ठा राखली, पण किल्ल्या ज्येष्ठाच्या कनवटीला दिल्या. दोहोंपैकी अधिक दयाळू कोणते, हे ज्येष्ठ पुत्र कसा निघतो यावर अवलंबून होते.

तो लोभी निघेल ही शक्यता स्मृतिकारांनी गृहीत धरलेली आहे. जो ज्येष्ठ लोभाने धाकट्या भावांना फसवितो तो ज्येष्ठ म्हणविण्यास पात्र नाही, त्याचा ज्येष्ठांश जातो आणि राजाने त्याला शासन करावे, असे मनूने म्हटले आहे. याज्ञवल्क्याने व्यवहारातील नियम दिला आहे. वाटणी झाल्यावर एखाद्याने दडवून ठेवलेले द्रव्य आढळले तर ते सर्वांनी पुन्हा समान वाटून घ्यावे. येथे टीकाकारांत वाद उपस्थित झाला. जे धन अंशतः आपलेच आहे ते दडविले तर ती चोरी होते का? जीमूतवाहनाचा कल चोरी न मानण्याकडे आहे. सामाईक धनात स्वतःचेही स्वामित्व असल्यामुळे परधन हरण केले असे म्हणता येत नाही, असा त्याचा युक्तिवाद. विज्ञानेश्वर हे मानीत नाही. मनूने दोष केवळ ज्येष्ठाला लावला, कनिष्ठांना नाही, या आक्षेपाला तो उत्तर देतो की पित्यासमान असलेला ज्येष्ठही जेथे दोषी ठरतो तेथे कनिष्ठ दोषी ठरतो हे सांगावयास नको. नंतर तो मीमांसेतील मूग आणि उडीद यांचा दृष्टान्त देतो. यज्ञात उडीद वर्ज्य आहेत. मूग संपले म्हणून मुगासारखे दिसणारे उडदाचे दाणे कोणी मूग समजून घेतले, तरी निषेध लागू व्हावयाचा तो होतोच. त्याचप्रमाणे सामाईक धन ‘माझे’ या बुद्धीने घेतले, तरी त्यात परक्याचा अंश असल्यामुळे दोष लागतो.

हा दृष्टान्त पंडिती वाटला तरी त्यातील मनोनिरीक्षण सूक्ष्म आहे. वृद्ध आईबापांचे धन वापरणारे अपत्य स्वतःला क्वचितच चोर समजते. ‘मी येथे राहिलो, औषधपाणी मी केले, बाकीचे दूर निघून गेले, मग हे माझेच’ अशी त्याची खरोखरीची समजूत असते. आणि ती सर्वस्वी खोटीही नसते, कारण सेवा करणाऱ्याचे कष्ट कोणत्याही वाटणीपत्रकात येत नाहीत. विज्ञानेश्वराने या समजुतीला दोषमुक्ती दिली नाही एवढेच.

जवळ राहिलेला भाऊ आणि दूर गेलेला भाऊ ही जोडी मराठ्यांच्या इतिहासातही सर्वांत ठळक ठिकाणी आढळते. शहाजीराजांचा मृत्यू १६६४ मध्ये कर्नाटकात होदिगेरे येथे झाला तेव्हा त्यांच्याजवळ वाढलेले व्यंकोजी कर्नाटकातील जहागिरीवर होते, आणि शिवाजी महाराज सह्याद्रीच्या परिसरात. १६७७ च्या दक्षिणदिग्विजयात महाराजांनी धाकट्या सावत्र भावाकडे पित्याच्या दौलतीचा अर्धा वाटा मागितला. ज्या रघुनाथपंत हणमंत्यांनी हा विषय पुढे आणला ते पूर्वी त्याच कर्नाटकातील दौलतीचे कारभारी होते आणि व्यंकोजींशी बिनसल्यामुळे महाराजांकडे आले होते. येथे पिता मृत होता आणि वाद दोन राजांचा होता, त्यामुळे तो गृहस्थाच्या घरातील वादाला तंतोतंत लावता येणार नाही. परंतु हिशेब ठाऊक असलेला जुना कारभारी, ताब्यात असलेला एक भाऊ आणि तेरा वर्षांनी उभा राहिलेला दुसरा, ही रचना न्यायालयांच्या निवाड्यांतून पुढे शेकडो वेळा भेटते. ‘भाऊबंदकी’ हा शब्द मराठीने नात्यासाठी घडविला आणि कलहासाठी वापरला, ही गोष्ट कोशकारांपेक्षा इतिहासकारांनी अधिक मनावर घेण्यासारखी आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ च्या नाटकाला तेच नाव दिले.

इंग्रजी अमलात या प्रश्नाला नवे वळण लागले. कोलब्रुकने मिताक्षरा आणि दायभाग यांच्या दायविषयक प्रकरणांचे भाषांतर १८१० मध्ये केले. दख्खनमधील जातींचे रूढ नियम आर्थर स्टील याने १८२७ मध्ये संकलित केले, आणि जिल्हा न्यायालयांतील शास्त्र्यांच्या व्यवस्थांवरून वेस्ट व ब्यूलर यांचा ग्रंथ १८६७ पासून प्रसिद्ध होऊ लागला. काशीत स्थायिक झालेल्या मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठाचा व्यवहारमयूख विश्वनाथ नारायण मंडलिकांनी १८८० मध्ये याज्ञवल्क्यस्मृतीसह संपादित केला. न्यायाधीशासमोर आता पाठ होता, भाषांतर होते आणि पूर्वनिर्णय होते. टीकाकारांतील वाद मिटवून एक निश्चित नियम काढणे हे न्यायालयाचे काम झाले.

असा नियम काढताना वृद्धाविषयी काय ठरले याचे मुंबई उच्च न्यायालयातील १८९१ चा अपाजी नरहर विरुद्ध रामचंद्र रावजी हा निवाडा उत्तम उदाहरण आहे. पिता अजून आपल्या पित्याशी वा भावांशी एकत्र असताना, त्याच्या संमतीवाचून पुत्राला वाटणी मागता येते का, असा प्रश्न पूर्णपीठापुढे होता. बहुमताने उत्तर नकारार्थी दिले. काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी स्वतंत्र निर्णय लिहून विरोधी मत नोंदविले. जन्मतःच उत्पन्न होणारे स्वामित्व खरे मानावयाचे तर वाटणीचा हक्क नाकारता येत नाही, हे त्यांच्या मताचे सार. मुंबई इलाख्यातील जाणकारांनी तेलंगांच्या मताला पुढेही मान दिला, नियम मात्र बहुमताचाच राहिला. घरातील वडीलधाऱ्यांचे एकत्रपण त्यामुळे टिकले. त्याच वेळी, आत बसून दुसऱ्याचा कारभार पाहणे आणि सहन करणे एवढेच नातवाच्या हाती उरले.

याहून दूरगामी ठरला तो हिशेबाचा नियम. मिताक्षरा कुटुंबाचा कर्ता इतर सहदायादांना मागील खर्चाचा जमाखर्च देण्यास सामान्यतः बांधील नाही. वाटणीच्या दिवशी जे शिल्लक असेल तेच वाटावयाचे, असे न्यायालयांनी स्थिर केले. अपवाद लबाडीचा आणि अपहाराचा. तो अपवाद सिद्ध करण्याचा भार तक्रार करणाऱ्यावर, आणि ज्या वह्यांवरून तो सिद्ध व्हावयाचा त्या कर्त्याच्या पेटीत! विश्वासावर उभारलेल्या संस्थेत हिशेब मागणे हेच विश्वासघाताचे लक्षण मानले जाते. कायद्याने ही लोकभावना उचलून तिला नियमाचे रूप दिले. एकत्र कुटुंबाच्या गुणवर्णनात हा भाग बहुधा वगळला जातो.

मराठी कुटुंबे नर्मदेकाठी आली तेव्हा त्यांच्याबरोबर कोणता कायदा आला, हाही प्रश्न केवळ पांडित्याचा नव्हता. मिताक्षरा एकच असली तरी बनारस संप्रदाय आणि मुंबई संप्रदाय यांत भेद होते. पित्याकडून कन्येला आलेल्या धनावर मुंबई संप्रदायात तिचे पूर्ण स्वामित्व होते. बनारस संप्रदायात ती हयातीपुरती मर्यादित स्वामिनी. मध्यप्रांतातून गेलेल्या बळवंतराव विरुद्ध बाजीराव या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने १९२० मध्ये सांगितले की स्थलांतर करणारे कुटुंब आपला वैयक्तिक कायदा बरोबर नेते. त्याने तो टाकून स्थानिक कायदा स्वीकारला असे ज्याचे म्हणणे असेल त्याने ते सिद्ध करावे. परप्रांतात मराठीपण भाषेत, कुळाचारात आणि सणवारांत शोधले जाते. ते येथे लेकीच्या वाट्यात सापडते. भाषा पुसट झालेल्या घराण्यांतही कायदा तीन-तीन पिढ्या टिकून होता, आणि भावांच्या तोंडी ‘आम्ही आता इकडचेच’ हा दावा कोणत्या क्षणी येत असेल याची कल्पना करणे अवघड नाही.

१९५६ हे वर्ष या इतिहासात दोन अर्थांनी महत्त्वाचे आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला नवे मध्य प्रदेश राज्य झाले, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि नागपूर उच्च न्यायालयाचा वारसा सांगणारे उच्च न्यायालय जबलपुरात आले. हिदायतुल्ला हे त्याचे पहिले मुख्य न्यायाधीश. पुढे पुरुषोत्तम विनायक दीक्षितांसारखे मराठी न्यायाधीश १९५९ ते १९६९ असे दीर्घकाळ त्या आसनावर होते. त्याच वर्षी हिंदू उत्तराधिकार अधिनियम आला. पित्याकडून त्या अधिनियमाच्या आठव्या कलमाने आलेली मालमत्ता ही पुत्राची स्वतंत्र मालमत्ता होते, तीत नातवाचा जन्मसिद्ध हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये स्पष्ट केले. स्वकष्टार्जित घराविषयी तर प्रिव्ही कौन्सिलने १८९८ मध्येच ठरविले होते की पिता त्याची वाटेल तशी विल्हेवाट लावू शकतो. पुत्रांना विचारावे हा मिताक्षरेतील उपदेश नैतिक आहे, बंधनकारक नाही.

या बदलाचा परिणाम पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही. जोवर धन सामाईक होते तोवर लोभी भावाला इतरांचा हक्क बुडविण्यासाठी सनदा दडवाव्या लागत, उत्पन्न खोटे दाखवावे लागे. पिता पूर्ण मालक झाल्यावर यांपैकी कशाचीच गरज उरली नाही. आता एकच गोष्ट पुरेशी होती, ती म्हणजे पित्याची सही. कांचघरसारख्या वस्तीतील घर एका पगारातून उभे राहिलेले असते आणि एका नावावर असते. त्या नावाच्या माणसाने बक्षीसपत्र केले, मृत्युपत्र केले, मुखत्यारपत्र दिले किंवा बँकेच्या खात्यात एका मुलाचे नाव जोडले की इतरांना विचारण्याचा अधिकारच नाही. जे सहदायादाचे स्वामित्व होते त्याची जागा अपेक्षेने घेतली. म्हणूनच वादाचे केंद्र वाटणीवरून संमतीवर सरकले. सही केली त्या दिवशी वृद्धाचे मन कोणाचे होते?

१८७२ च्या करार अधिनियमातील सोळाव्या कलमात गैरवाजवी प्रभावाची व्याख्या करताना वय, आजार आणि मानसिक वा शारीरिक क्लेश यांनी दुर्बल झालेल्या मनाचा स्वतंत्र उल्लेख आहे. कलम तयार होते. परंतु त्याचा आधार घेणाऱ्या भावंडांना न्यायालयात यश सहज मिळाले नाही. बंगालमधील एका प्रकरणात अतिवृद्ध पित्याने एका मुलाच्या पुत्राला मालमत्ता लिहून दिली आणि दुसऱ्या मुलाने त्या दानाला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये निर्वाळा दिला की जवळचे नाते असणे वा दाता वयोवृद्ध असणे एवढ्यावरून प्रभाव गृहीत धरता येत नाही. तर्कदृष्ट्या हे बरोबरच आहे. वृद्धत्व म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे, आणि सेवा करणाऱ्या एका अपत्यास अधिक देण्याचे स्वातंत्र्य वृद्धाला नाकारले तर ते त्याच्या संरक्षणाच्या नावाखाली त्याच्या स्वामित्वाचेच हरण होईल. पण या निर्वाळ्यानंतर पुरावा कोठून आणावयाचा हा प्रश्न उरलाच. कारण बंद खोलीत काय बोलणे झाले हे सांगू शकणारे दोघेच, त्यांपैकी एक मृत आणि दुसरा लाभार्थी.

साहित्याने हा बदल टिपला तो १९७० मध्ये, वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये. गणपतराव बेलवलकर आपले धन स्वतःच्या इच्छेने, प्रेमाने मुलांना वाटून देतात. कोणी लुबाडीत नाही. नाटकातील शोकाचे मूळ येथेच आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने अडचणही येथेच, कारण दान स्वेच्छेचे असल्यामुळे ते परत मागण्यास आधार नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाप्रमाणे एकदा पुरे झालेले दान दात्याला पश्चात्ताप झाला म्हणून रद्द होत नाही.

राज्यसंस्थेने या कोंडीत हात घातला तो प्रथम पोटगीच्या मार्गाने. १९५६ च्या दत्तक व निर्वाह अधिनियमात वृद्ध मातापित्यांच्या निर्वाहाची जबाबदारी आली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमात ती अधिक सुलभ झाली. त्या कलमाखाली विवाहित कन्याही पित्याच्या निर्वाहास बांधील आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये एका मराठी पिता-कन्येच्या प्रकरणात ठरविले. हिमाचल प्रदेशाने २००१ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि २००७ मध्ये संसदेने मातापिता व ज्येष्ठ नागरिक यांचे निर्वाह व कल्याण अधिनियम संमत केला. या अधिनियमाचे तेविसावे कलम ही खरी नवी गोष्ट होय. देखभाल करण्याच्या अटीवर केलेले दान, देखभाल न झाल्यास, लबाडीने वा दडपणाने झाले असे मानून रद्द करता येते. मीमांसेच्या भाषेत सांगावयाचे तर पुढच्या वर्तनावरून मागच्या क्षणाचा दोष ठरविणारी ही कल्पना आहे. ‘नटसम्राटा’ला जो आधार नव्हता तो येथे निर्माण झाला, फक्त ‘अट होती’ हे दाखविता आले पाहिजे.

अट कोठे लिहिलेली असावी, यावरच जबलपूरच्या उच्च न्यायालयातून गेलेला अलीकडचा महत्त्वाचा वाद उभा राहिला. मध्य प्रदेशातील छतरपूरच्या एका मातेने १९६८ मध्ये विकत घेतलेली मालमत्ता ७ सप्टेंबर २०१९ च्या बक्षीसपत्राने मुलाला दिली. आयुष्यभर सांभाळ करीन, न केल्यास आईने दान परत घ्यावे, अशा आशयाचे वचनपत्रही त्याच दिवसाचे असल्याचे तिचे म्हणणे होते. मुलाने ते बनावट ठरविले. डिसेंबर २०२० मध्ये तिने उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे अर्ज केला. तेथे, नंतर जिल्हाधिकाऱ्याकडे आणि उच्च न्यायालयाच्या एकल पीठापुढे ती जिंकली. ऑक्टोबर २०२२ मध्ये जबलपूरच्या खंडपीठाने निर्णय फिरविला. बक्षीसपत्रातच अट नाही, म्हणून कलम लागू नाही, हे त्याचे कारण. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात अट सिद्ध होणे आवश्यक आहे असे म्हटल्यामुळे खंडपीठाच्या मताला बळ आल्यासारखे दिसले. परंतु २ जानेवारी २०२५ ला न्या. सी. टी. रविकुमार आणि न्या. संजय करोल यांच्या पीठाने बक्षीसपत्र आणि वचनपत्र एकत्र वाचले, कल्याणकारी कायद्याचा अर्थ उदारपणे लावावयाचा असतो असे सांगितले, दान रद्द केले आणि २८ फेब्रुवारीपर्यंत मातेला ताबा परत देण्याचा आदेश दिला. अर्ज ते ताबा यांत चार वर्षांहून अधिक काळ गेला. न्यायाधिकरणाने निर्वाहाच्या अर्जांचा निकाल सामान्यतः नव्वद दिवसांत लावावा असे अधिनियमात म्हटले आहे.

या कायद्यात भावंडाला कोठे स्थान आहे? अर्ज वृद्धाने करावयाचा. तो असमर्थ असल्यास त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने वा संस्थेने करावयाचा, किंवा निर्वाहाच्या बाबतीत न्यायाधिकरणाने आपणहून दखल घ्यावयाची. दुसऱ्या गावी असलेल्या मुलीला आईचे निवृत्तिवेतन दरमहा भाऊ काढून घेतो हे दिसत असले, तरी आईने तिला अधिकार दिल्यावाचून ती पुढे येऊ शकत नाही. आणि आई भावाच्याच घरात असते. वृद्धाची स्मृती गेली असेल तर अडचण दुप्पट होते. १८५८ पासून १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमापर्यंत, भाषा कितीही कठोर असली तरी, मनोरुग्णाच्या मालमत्तेसाठी न्यायालयाच्या देखरेखीखाली व्यवस्थापक नेमण्याची आणि त्याच्याकडून हिशेब घेण्याची तरतूद कायद्यात होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने रुग्णाच्या हक्कांचा गौरव केला, पण मालमत्तेचे ते प्रकरण वगळले. परिणामी विस्मरणग्रस्त वृद्धाच्या खात्यासाठी कुटुंबांना उच्च न्यायालयाच्या रिट अधिकारक्षेत्राकडे जावे लागते. शंखाच्या वचनातील विपरीतबुद्धी पिता एकविसाव्या शतकात पुन्हा अनुत्तरित प्रश्न होऊन बसला आहे.

मृत्यूनंतर मात्र भावंडाला स्वतःचा आवाज मिळतो. संयुक्त खात्यात वा नामनिर्देशनात एकाचे नाव आहे म्हणून धन त्याचे होत नाही. तो केवळ रक्कम स्वीकारणारा, वाटणी वारसाहक्काप्रमाणेच. विम्याबाबत हे १९८० च्या दशकात ठरले, आणि कंपनीच्या भागांबाबत मुंबईतील एका मराठी कुटुंबाच्या दाव्यात १४ डिसेंबर २०२३ ला. दडविलेले द्रव्य पुन्हा वाटावे हा याज्ञवल्क्याचा नियम तत्त्वतः अजून जिवंत आहे. फरक इतकाच की आता त्याला मुदत आहे. सही दडपणाने घेतली म्हणून दस्तऐवज रद्द करावयाचा तर ती गोष्ट कळल्यापासून तीन वर्षे, एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतून वगळले गेल्याची तक्रार असेल तर बारा. तीन वर्षांचा काळ बहुतेक घरांत वडिलांच्या आजारपणातच निघून जातो, आणि तोवर कोर्टात जाणे अशोभनीय मानले जाते.